रोहण्याहून आलेला धुरकट चौकोन

सकाळी चहाचं आधण ठेवलं की मी फोन घेऊन बसतो आणि कचरा काढतो. कूलरचा सेल, गुडघ्याचं तेल, नागपूर रोडवरचे प्लॉट, कोण्या भावी नगरसेवकाचा वाढदिवस. माझा फोन जुना, त्याचं पोट लहान. भरलं की सरळ सांगतो, जागा नाही. मग फोटो उघडत नाहीत, नुसते धुरकट चौकोन दिसतात. अठ्ठावीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो मी. भरल्या गाडीत आणखी दहा माणसं कशी कोंबायची हे मला कोणी शिकवू नये. पण या डबड्यापुढे माझं काही चालत नाही.

याच कचऱ्यापायी माझ्या एकुलत्या एका दोस्ताची माती हुकली माझी. आमच्याकडे लग्न हुकलं तर चालते. कामात होतो म्हटलं की लोक ऐकून घेतात. मातीले मात्र गेलंच पाहिजे, वैऱ्याच्यासुद्धा. गाडीत कोणी मातीला चाललेला दिसला तर मी दुसऱ्याला उठवून त्याला जागा देत असे. आणि मीच गेलो नाही.

वर्ध्यात दोन खोल्यांत एकटा राहतो मी. बायको जाऊन चार वर्षं झाली. मुलगा हैदराबादला. रविवारी फोन करतो, आठ-दहा मिनिटं, त्यातली चार नेटवर्क खाऊन टाकते. बाकी सहा दिवस माझ्याशी बोलायला उत्सुक कोण, तर कर्ज घ्या म्हणणाऱ्या पोरी! त्यांच्यावर खेकसून खेकसून थकलो, म्हणून अनोळखी नंबर दिसला की कापतोच. दूधवाला पिशवी दाराच्या कडीला अडकवून जातो, हाकही मारत नाही. खरं सांगतो, लय एकटं वाटते.

कचरा पाठवण्यात पहिला नंबर माझ्या दोस्ताचा. रोहण्याला त्याचं किराणा दुकान. माझी गाडी तिथे मुक्कामी असायची तेव्हा ड्रायव्हर गाडीतच पसरायचा आणि मी याच्या ओसरीवर. अकरा वर्षं त्याच्या घरची भाकर खाल्ली. त्याला टाईप करता यायचं नाही. आलेली जाहिरात जशीच्या तशी मला ढकलायचा.

"काऊन पाठवतं बे हा कचरा? माह्या फोनचा जीव चालला," मी ओरडायचो.

"अबे, तू जित्ता आहेस का ते पाह्यतो. दोन निळ्या रेघा आल्या का समजतो, बुढा आहे अजून."

"मंग फोन करत जा ना."

"फोनवर तू भांडतं."

खोटं नव्हतं ते.

एका मंगळवारी सकाळी त्याच्याकडून असाच एक चौकोन आला. लाल काठ, मधे गोल चेहरा, खाली पिवळं पिवळं काहीतरी. मी म्हटलं, आला याच्या कोण्या भाच्याचा वाढदिवस. पुसून टाकला. मग एक अनोळखी नंबर तीनदा वाजला. तिन्हीदा कापला.

पुढच्या रविवारी मुलानं नातीचा व्हिडिओ पाठवला. उघडेचना. वर पाहतो तर पुन्हा दोस्ताचा चौकोन आलेला. डोकंच फिरलं माझं. होतं नव्हतं ते सगळं पुसलं आणि त्याला फोन लावला. उचलल्या उचलल्या सुरू झालो, "अबे ए, काही लाजबिज आहे का नाई? नातीचं तोंड पाहू देत नाई तू मले!"

पलीकडून वहिनींचा आवाज आला. "भाऊजी, ते नाई आता."

"नाई म्हणजे? दुकानात गेला का?"

"मंगळवारी पहाटे गेले. झोपेतच."

वहिनी शांतपणे सांगत होत्या. "पोरानं त्यायच्याच फोनवरून टाकलं होतं सगळ्यायले. फुलाचा हार घातलेला फोटो. तुमच्या निळ्या रेघा आल्या. पोरानं आपल्या नंबरावरून फोनबी लावला, तुम्ही उचलला नाई. मी म्हटलं, गाडीत बसले असतीन, आयकू येत नसन. लोक म्हणून राह्यले होते, उचला आता. मी म्हटलं, भाऊजी निघाले आहेत, थांबा. दुपारची गाडी पाह्यली, चारची पाह्यली. मंग दिवस बुडायच्या आधी नेलं."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडण मला झेपते. तब्येत बरी नव्हती, असं अगदी ओठावर आलं होतं. आयुष्यभर प्रवाशांच्या थापा ऐकल्या, मलाही जमलं असतं. पण चार वाजेपर्यंत गाड्या पाहत बसलेल्या बाईला काय थाप मारायची!

"वहिनी, मी उघडलंच नाई ते. जाहिरात आहे म्हणून पुसलं."

त्या म्हणाल्या, "अन् आज सकाळी तेरवीची पत्रिका टाकली पोरानं, ते?"

"तेबी."

दुकानात कोणीतरी साखर मागत होतं. त्याला त्यांनी थांब म्हटलं. "मंग आयका भाऊजी, तोंडानं सांगते. येत्या रविवारी आहे तेरवी, घरीच. सकाळच्या गाडीनं येजा. अन् त्यायचा नंबर बंद करून राह्यला आता पोरगा. तुमच्या फोनले तरास नाई होणार."

"बंद नका करू, वहिनी," मी म्हणालो. "काहीबी पाठवत जा."