सीटखालची बरणी

आमच्या आत्याला सासरी सगळे शंकासुर म्हणत. लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा तिने सासऱ्यांना विचारलं होतं, "घड्याळ पुढे ठेवलंय हे घरात सगळ्यांना माहीत आहे, मग पुढे ठेवून उपयोग काय?" सासरे पोट धरून हसले आणि ते नाव तिला कायमचं चिकटलं. आत्याला त्याचं वाईट वाटत नसे.

आत्या आणि आतोबा दोघंही व्हॅन चालवत. गिऱ्हाइकं बहुतेक डायलिसिसचे पेशंट. घरून उचलायचं, केंद्रावर सोडायचं, मशीनवरून सुटले की परत घरी पोचवायचं. परतताना ही माणसं पिळून काढलेल्या कपड्यासारखी झालेली असत. त्यांना हाताला धरून चढवावं लागे. त्यामुळे ब्रेकचा आवाज जरा वेगळा आला तरी आत्या गाडी बाजूला घ्यायची. "माझ्या गाडीतल्या माणसाला पळता येत नाही," एवढंच ती म्हणायची.

आतोबांचा धाकटा भाऊ मात्र वेगळ्याच मातीचा. गोडबोल्या, हसरा, कुणाच्याही दुखण्याला धावून जाणारा. कधी गुडघेदुखीचे पट्टे विकायचा, कधी पाणी शुद्ध करायची यंत्रं. आणि आपल्या मालावर त्याचा खरोखर विश्वास असे. तो लबाड असता तर त्याला ओळखणं सोपं गेलं असतं.

एके दिवशी तो जाड प्लास्टिकची बरणी घेऊन आला. आत पत्र्याच्या पट्ट्या, झाकणातून बाहेर आलेल्या दोन वायरी आणि एक नळी. बरणीत पाणी भरायचं, त्यात एक पांढरी पावडर टाकायची आणि बॅटरीचा करंट द्यायचा. मग बुडबुडे येतात, आणि त्यांतला पेट घेणारा गॅस नळीतून इंजिनात जाऊन पेट्रोलबरोबर जळतो.

"वहिनी, ही पाण्याची करामत! ॲव्हरेज असं वाढतं की पंपवाले तुम्हाला विसरतील."

"करंट कुठून घ्यायचा?" आत्याने विचारलं.

"बॅटरीतून."

"बॅटरी कोण भरतं?"

"इंजिन."

"आणि इंजिन पेट्रोलवर चालतं. म्हणजे आपल्याच डब्यातलं पीठ शेजारणीला द्यायचं आणि तिच्याकडून उसनं आणायचं. त्यात वाटेत सांडेल ते वेगळंच."

"आली शंका!" धाकटा हसला. आतोबा हसले नाहीत. "माझ्या भावाने काही आणलं की तुझ्या कपाळाला आठी पडलीच म्हणून समजावं," ते म्हणाले.

आत्या फेरीवर गेली असताना दोघा भावांनी आतोबांच्या व्हॅनमध्ये ती बरणी बसवली. त्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटच्या खाली असतं. बरणीही तिथेच, सीटखाली.

आणि ॲव्हरेज खरंच वाढलं. आतोबा भेटेल त्याला सांगू लागले. केंद्राबाहेरच्या स्टँडवर उभ्या राहणाऱ्या ड्रायव्हरांनी धाकट्याकडून बरण्या घेतल्या. आत्या बारकाईने बघत होती. बरणी आल्यापासून आतोबा गाडीत अंडी ठेवल्यासारखी गाडी चालवत होते. उगाच रेस करणं बंद, लाल दिवा दिसला की लांबूनच पाय काढायचा. ॲव्हरेज वाढायला तेवढं पुरेसं होतं, असं तिला वाटत होतं. पण तोंडी बोलून पटणार कुणाला?

एका सकाळी आतोबा आंघोळीला गेले असताना तिने सीट उचलली, बरणीची वायर काढली, तिच्या टोकाला टेप गुंडाळली आणि सीट होती तशी ठेवली. नंतरचे कितीतरी दिवस बरणी नुसती पाणी धरून बसली होती. आणि आतोबा सांगत होते, "या खेपेला तर आणखीच वाढलं बरं का!"

सुट्टीच्या दिवशी धाकटा दुपारी जेवायला आला, तेव्हा तिने ते सांगितलं. तिला वाटलं होतं, सगळे हसतील. कुणीच हसलं नाही. आतोबांचा घास हातातच राहिला.

"माझ्यावर पाळत ठेवलीस?"

"तुमच्यावर नाही, त्या बरणीवर."

धाकटा समजुतीच्या स्वरात म्हणाला, "तसं नसतं वहिनी. गॅसचा गुण इंजिनात मुरतो. वायर काढली तरी काही दिवस टिकतो."

आतोबा ताट सरकवून उठले. बाहेर सीट आपटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने आत येऊन ते म्हणाले, "जोडली मी. यापुढे माझ्या गाडीला हात लावायचा नाही." आत्याने मान हलवली. तेव्हापासून दोघांत अबोला सुरू झाला.

धाकट्याने मुळात ती वायर अशी जोडली होती की किल्ली फिरवल्यावरच करंट मिळावा. आतोबांनी रागाच्या भरात ती थेट बॅटरीवर आवळली, कारण बॅटरी हाताशी होती. गाडी बंद झाली तरी बरणी चालूच राहणार आणि गॅस न जळता सीटखाली साठत जाणार, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. आणि आत्याने हात न लावण्याचं कबूल केलं होतं, म्हणून तिने पाहिलं नाही.

बरणीतलं शिळं पाणी त्यांनी तेव्हाच ओतून दिलं होतं; दुसऱ्या दिवशी सकाळी ताजं पाणी आणि पावडर घालून आतोबांनी एका म्हाताऱ्या टेलरना केंद्रावर आणलं. टेलरना पाय लांब करायला जागा लागे, म्हणून ते नेहमी पुढे बसत. त्यांना आत सोडून आतोबांनी गाडी मागच्या मैदानात उन्हात लावली. काचा बंद, दारं बंद. दुपारी टेलर मशीनवरून सुटले, तेव्हा आतोबा गाडी दाराशी आणायला गेले आणि टेलर व्हीलचेअरवर थांबले. आत्या आपल्या पेशंटसाठी तिथेच उभी होती.

"तुमच्या यजमानांच्या गाडीला डॉक्टरकडे न्या हो," टेलर म्हणाले. "सकाळी पोचलो, इंजिन बंद केलं, तरी माझ्या बुडाखाली गुडगुड चालूच. म्हटलं, हिलाही आमच्या रांगेत घ्या."

"बंद केल्यावर?"

"हो. चांगली किल्ली हातात होती त्यांच्या."

म्हणजे सकाळपासून सीटखाली गॅस साठतोय, हे आत्याला उमगलं. तिने फोन लावला. तिचं नाव बघून आतोबांनी तो कापला. ती धावत सुटली. मैदानाच्या टोकाला आतोबा दार उघडून आत बसत होते. ती हात हलवत ओरडली, "थांबा! चालू करू नका!" आतोबांनी आरशातून तिला बघितलं. नंतर त्यांनीच आम्हाला सांगितलं, की त्यांना वाटलं, ही आता चारचौघांत भांडायला आली. त्यांनी किल्ली फिरवली.

आवाज फार मोठा नव्हता. लोखंडी कपाट पालथं पडावं तेवढाच. पुढच्या सीटा उचकटून वर आल्या. ज्वाळा दिसली न दिसली तोच विझली, पण बरणी फुटून पावडरचं ते पाणी आतोबांच्या तोंडावर उडालं होतं. साबणासारखं बुळबुळीत, आणि जिथे लागेल तिथली कातडी खाणारं. आत्याने त्यांना ओढून बाहेर काढलं, आपल्या गाडीतला पाण्याचा कॅन आणला आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन डोळ्यांवर पाणी ओतत राहिली. आतोबा ओरडत नव्हते. "टेलर बसले होते का?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होते.

एक डोळा वाचला, एक गेला.

धाकटा हॉस्पिटलात हमसून हमसून रडला. मग डोळे पुसून नातेवाइकांना म्हणाला, "मी जोडलं होतं तसं राहिलं असतं तर हे झालंच नसतं. वहिनीने वायरीला हात घातला." बघता बघता ते स्टँडवर पोचलं, गल्लीत पोचलं. बायकोनेच नवऱ्याचा डोळा घालवला, असं लोक आत्याच्या तोंडावर बोलू लागले.

माझे वडील चिडले. "बहिणीबद्दल असं बोलतात आणि तू ऐकून घेतेस?"

"अर्धं खरं आहे रे दादा," आत्या म्हणाली. "मी त्यांना एकट्याला सांगायला हवं होतं. भावासमोर सांगितलं."

पट्टी निघाल्यावर आतोबा तिला म्हणाले, "चल, मला स्टँडवर ने." तिच्या व्हॅनमध्ये ते मागे बसले. पुढच्या सीटवर बसायला त्यांचं मन होईना. ड्रायव्हर गोळा झाले. आतोबांनी काळा चष्मा काढला आणि सगळ्यांना तो डोळा बघू दिला.

"वायर मी जोडली," ते म्हणाले. "हिने काढली होती, तेव्हा गाडी धड होती. ॲव्हरेज माझ्या पायाने वाढवलं होतं, बरणीने नाही. आणि माझ्या भावाला मीच इथे आणलं. बरण्या काढून टाका."

दोघा ड्रायव्हरांनी तिथल्या तिथे सीट उचलून बरण्या काढल्या आणि पाणी गटारात ओतलं. बाकीचे एकमेकांकडे बघत राहिले. त्यांतला सगळ्यांत जुना ड्रायव्हर, आतोबांचा दोस्तच, आपल्या व्हॅनला टेकून उभा होता.

"वाईट झालं रे," तो म्हणाला. "पण माझी वायर किल्लीवरूनच आहे. मी पंपावर स्वतः बघतोय ना फरक."

"अहो, बरणी तापते, झाकण सैल होतं, तुमच्या पुढच्या सीटवर माणूस बसतो..." आत्या बोलू लागली.

"वहिनी, पेशंट वाट बघतायत," तो नम्रपणे म्हणाला. एका बाईंना त्याने हात देऊन पुढच्या सीटवर बसवलं, त्यांची शाल दारात अडकू नये म्हणून आत सारली आणि किल्ली फिरवली. गाडी नेहमीसारखी सुरू झाली. आत्या आणि आतोबा ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत बघत उभे राहिले.