उष्टा माईक

"जरा लांबून म्हण. माईक उष्टा होतो."

लातूरच्या पेठेतला एक कापडवाला मला असं म्हणाला. नवा जिल्हा झाला म्हणून मैदानावर गाण्यांचा कार्यक्रम होता आणि तो त्याचा संयोजक. माझ्यानंतर त्याच माईकवर त्याची सून प्रार्थना म्हणणार होती. बोलला मात्र आदबीनं, हसून. मी "हाव" म्हणाले आणि मागं सरकले. कुणी ढकललं नाही मला. पाय माझेच होते.

पार शेवटी, आमच्या वस्तीतल्या माणसांत माय बसली होती. जवळच्या मुरुडहून एसटीनं आली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. गाणं तिचंच होतं. दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडता फोडता तिनं ते जुळवलं. ती ओळ टाकायची, बाया हातोड्याच्या ठेक्यावर उचलायच्या. मी लहान, खडीच्या ढिगावर बसून ऐकायची. तिथंही आम्हाला पाणी वरूनच ओतायचे, ओंजळीत. पुढं धुळीनं मायचा गळा गेला. मग आमच्या गायनपार्टीत ते गाणं मी म्हणू लागले, सोबत काकाचं बँडातलं क्लॅरिनेट.

त्या दिवशी अख्खं गाणं मी लांबून म्हटलं. पुढच्या लोकांना क्लॅरिनेट तरी ऐकू जात होतं, मी नाही. "आवाज! आवाज!" पोरं ओरडली. संयोजक माईकवर आला, म्हणाला, "पोरगी बुजली." लोक हसले. मीही हसले. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते.

खाली उतरले तर माय म्हणते, "आपलं गानं कवा म्हननार हायस गं? म्या वाट बघून राहिले."

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"येळ संपला, माय," मी म्हणाले.

परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत बसली. तिला कळलं होतं.

नंतर नांदेडला कार्यक्रम मिळाला. तिथं तर माझी पाळी आल्यावर एकानं माईकला रुमाल गुंडाळला. मी म्हणाले, "रुमाल काढा."

"न्हाई काढला तर?"

"तर गानं न्हाई."

काकानं क्लॅरिनेट खाली ठेवलं. ढोलकी थांबली. लोक ओरडायला लागले, तसा त्यानं रुमाल काढला. मी पुढं झाले, माईकला ओठ टेकवले आणि मायचं गाणं म्हटलं. आवाज पार मैदानाबाहेर गेला.

माय नव्हती तिथं. लातूरनंतर ती कुठल्याच कार्यक्रमाला आली नाही. स्वतःचं गाणं माईकवर ऐकायचं तिचं राहूनच गेलं. ते माझ्या पायांमुळं.

बिलोलीपासून लातूरपर्यंत आजही गाते. ओठ टेकवूनच. माझ्यानंतर ज्याला माईक पुसायचा असेल, त्यानं सगळ्यांदेखत पुसावा. मी हलत नाही. तो पुसेपर्यंत तिथंच उभी राहते.