वाटेतल्या घडीच्या सीटचं नाव

बस डेपोत स्टोअरकीपरने वेल्डरबरोबर सगळी नोकरी काढली. पण तू त्याला कितपत ओळखत होतास असं कुणी विचारलं, तर त्याला हातच वर करावे लागतील. बायको लवकर गेली, मुलगा एकच, एवढं ऐकून माहीत. माणूस मुळात तोंडाला कुलूप लावलेला. मनातलं म्हणून एकदाच बोलला होता.

"डिझेल हे माणसाचं नाव आहे, ठाऊक आहे का? इंजिन काढलं त्यानं. गेला बिचारा, पण नाव टाकीत राहिलं. आपलंही काहीतरी राहावं रे."

आणि राहण्याजोगं त्याने केलंही. भंगारातल्या बिजागऱ्या लावून बसच्या मधल्या वाटेत घडीची सीट बसवली. माणूस उठला की आपोआप मिटायची. पाहणीच्या दिवशी नेमकी खालची खीळ बसवायची राहिली. डेपो मॅनेजर, पाठीमागे ज्यांना सगळे टोपीसाहेब म्हणत, ते ऐटीत बसले. वेल्डरने खाली आडवं पडून सीट दोन्ही हातांनी तोलून धरली. पाहणीचा फोटो निघाला; त्यात साहेब आले, वेल्डरचे नुसते बूट. पुढे तशा सीटा सगळ्या गाड्यांत बसल्या आणि कंडक्टर लोकांनी त्यांना नाव पाडलं, टोपीसाहेब. कुणी चोरी केली नाही, कुणी खोटं बोललं नाही; मग तक्रार तरी कुणाची करायची?

निवृत्तीनंतर एकदा दोघं म्हातारे वेल्डरच्या मुलाबरोबर बसमध्ये चढले. वेल्डरला डोळे दाखवायचे होते, स्टोअरकीपरला पुढे जायचं होतं.

"मागे एक टोपीसाहेब रिकामा आहे, उघडा आणि बसा!" कंडक्टर ओरडला.

"ही मी केलेली," वेल्डर मुलाला म्हणाला.

"झालं बाबांचं सुरू! मग नाव साहेबांचं कसं?"

वेल्डरने स्टोअरकीपरकडे पाहिलं. सगळा जीव डोळ्यांत आणून पाहिलं.

"अरे, खरंच त्यानेच केली. बिजागऱ्या मी दिल्या होत्या."

मुलगा हसला. "काका, तुम्ही दोस्ताचीच री ओढणार!"

"आजोबा, टोपीसाहेबांचं डोकंच तसं होतं म्हणतात," कंडक्टरनेही भर घातली.

वेल्डर दांडा धरून उभाच राहिला. सीटवर मुलगा ऐसपैस बसला.

पुन्हा त्या दोघा म्हाताऱ्यांची गाठ पडली नाही. दवाखान्याच्या थांब्यावर वेल्डर उतरला, तेव्हाचं बोलणं एवढंच.

"संध्याकाळी येतोस का?" वेल्डरने खालून विचारलं.

"बघू. गुडघा काय म्हणतो त्यावर."