दुपारचं बीपी

खोपोलीकडच्या त्या इस्पितळात आम्हा शिकाऊ नर्सना नाव नव्हतं. "ए स्टुडंट" म्हटलं की चौघींनी एकदम पळायचं. खुर्चीला जरा टेकलं की इन्चार्ज सिस्टर सगळ्या वॉर्डासमोर पाणउतारा करायच्या. मला त्याचं फारसं वाटत नसे, कारण तिथे माझी ताई होती. सख्खी नव्हे, कळंबची, आमच्याच आळीतली, त्या वॉर्डात स्टाफ नर्स. नर्सिंगचा फॉर्म माझ्याकडून तिनेच भरून घेतला होता.

दुसऱ्या वर्षाला असताना एका दुपारी तिने तक्ता माझ्या हातात कोंबला. दोन वाजताचं बीपी कुणीच घेतलं नव्हतं आणि डॉक्टरांचा राउंड जिन्यापर्यंत आला होता.

"सकाळचं बघ नि तसंच लिव. रोजचंच हाय गं ते."

रोजचंच होतं, खरंच. सगळ्याच लिहायच्या. एकाही दंडाला पट्टा न बांधता मी बारा खाटांचे आकडे लिहून टाकले. चूक माझीही होती, ती मी कधी नाकारली नाही.

सात नंबरच्या आजी घामाने थबथबल्या होत्या. तक्त्यावर एकशेवीस-ऐंशी, आणि डॉक्टरांनी पट्टा बांधला तर वरचा आकडा ऐंशीसुद्धा भरेना. आजी वाचल्या, नशीब. मग इन्चार्ज सिस्टरनी तक्ता माझ्या तोंडासमोर नाचवला. "कुणी सांगितलं असं लिहायला?"

मी ताईकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती बोलेल.

"मी कशाला सांगू? या मुलींना कामच नको असतं." सलाईनची बाटली बदलता बदलता, मान वर न करता ती म्हणाली. अगदी शुद्ध भाषेत.

कॉलेजला पत्र गेलं. महिन्याची ड्यूटी पुन्हा करायची, आणि आणखी एक तक्रार आली तर नाव कमी. इन्चार्ज येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवायच्या, "ही बघा, न बघता बीपी घेणारी." ताईही त्यात हसायची. इन्चार्जचा मला एवढा राग नाही आला. त्या कधी माझ्या नव्हत्याच. ताईचं हसू मात्र आजही डोक्यात जातं.

त्या रविवारी ती आमच्या घरी आली. आईला म्हणाली, "मी व्हते म्हून निभावलं, काकी. नायतर पोरीला काढलीच व्हती."

आईने तिच्यापुढे हात जोडले. सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. पण अजून सहा महिने माझ्या ड्यूटीच्या वहीवर तिचीच सही लागणार होती. मी आत जाऊन तिच्यासाठी चहा टाकला, साखर जास्त, तिला आवडतो तसा.