पिवळे बिल्ले

बेगायमला बँकेत उन्हाळाभर फुकट राबायला घेतलं, तेव्हा तिच्या वडिलांनी, तोक्तोबेकनी, शेजाऱ्यापाजाऱ्यांना चहाला बोलावलं. विद्यापीठाच्या कागदावर या राबण्याला प्रशिक्षण म्हणतात आणि पगाराच्या जागी अनुभव देतात. तोक्तोबेकना त्याचं काही वाटलं नाही. कारण बँकेच्या नारिन शहरातल्या शाखेत कर्जाचं काम बघणारे मेदेर बायके, म्हणजे मेदेरदादा, पहिल्याच दिवशी तिला म्हणाले होते, "नीट वागलीस तर सप्टेंबरात एक जागा आहे. मी शब्द टाकीन." त्या एका वाक्यावर या घराने अख्खा उन्हाळा काढला.

घर म्हणजे तरी कोण? बाप आणि लेक. आई, अनारकान, चार वर्षांपासून मॉस्कोत होती. तिथल्या कचेऱ्यांच्या फरशा पुसायची आणि एका खोलीत इतर बायकांबरोबर राहायची. ती पैसे पाठवी, आणि तोक्तोबेक त्या पैशांच्या मेंढ्या घेत. बँकेवर त्यांचा विश्वास नव्हता, मेंढीवर होता. यंदा मेंढ्या विकायच्या, घराचं अर्धं राहिलेलं छप्पर घालायचं, आणि पुढचा खर्च लेकीच्या पगारात भागवायचा, असं ठरलं होतं. दोन्ही जमलं तर अनारकान कायमची घरी येणार होती. एक जरी हुकलं तरी तिला तिथेच राहावं लागणार होतं.

"माझे बूट पार गेले गं," ती फोनवर सांगायची. "पण नवे घेत नाही मी. बर्फ पडायच्या आत घरी येणार, मग इथले बूट काय कपाटात पुजू?"

बँकेत बेगायमला तिने शिकलेल्या वित्तशास्त्रातलं काही विचारलं नाही कुणी. तिने कागद टाचले, चहा केला, पोस्टात रांगा लावल्या. तिला नावाने कोणी हाक मारत नसे. "ए मुली, पाणी तापलं का?" एवढंच. तरी ती रोज पांढरा सदरा इस्त्री करून जायची. वेडी आशा माणसाला नीटनेटकं ठेवते, दुसरं काय.

जूनच्या अखेरीला मेदेर बायकेंनी तिला गाडीत घातलं. वरच्या कुरणावर एका मेंढपाळाने कर्ज मागितलं होतं, त्याचा कळप तारण म्हणून बघायचा होता. मेंढपाळाचं नाव बेगायमने गाडीतच ऐकलं. सापार आके! सापारकाका म्हणा, तिच्या वडिलांचे लांबचे भाऊबंद. गावातली निम्मी घरं उन्हाळ्यात आपल्या मेंढ्या त्यांच्याच हवाली करत, आणि राखणीचे पैसे देत. तोक्तोबेकच्याही मेंढ्या तिथेच होत्या.

कळप उतारावर चरत होता. मेदेर बायके पडले शहरचे. त्यांना मेंढ्या दिसल्या. बेगायमला कान दिसले. प्रत्येक घराची कानखूण वेगळी असते, कोकरू लहान असतानाच ती कापतात. उजव्या कानाचं टोक छाटलेलं आणि डाव्याला मागून खाच, ही तिच्या घरची. गेल्या वसंतात कोकरं मांडीत तिनेच धरून ठेवली होती, वडिलांनी सुरी चालवली होती. आता तेच कान तिच्यासमोर हलत होते. त्यांच्या आजूबाजूला गावातल्या आणखी घरांचे कान. गावच्या कचेरीच्या दाखल्यावर मात्र सगळा कळप एकट्या सापार आकेंचा होता, कारण कुरणाचा कर तेच भरत.

लोकरीच्या नमद्याच्या तंबूत जेवण मांडलं. कोकरू कापलं होतं. कुठलं हाड कोणाच्या ताटात जायचं हे आमच्याकडे ठरलेलं असतं, त्यावरून म्हातारे वर्षवर्ष अबोला धरतात. सापार आकेंच्या बायकोने मांडीचं मोठं हाड उचललं. ते वडीलधाऱ्यांचं. ती मेदेर बायकेंना ओलांडून पुढे आली आणि तिने ते बेगायमच्या ताटात ठेवलं.

विशीतल्या पोरीच्या ताटात ते हाड! बेगायमचे कान तापले. आपल्याकडे काय मागितलं जातंय ते तिला तेव्हाच कळलं.

"अरे वा, आमच्या चहावालीचा काय थाट!" मेदेर बायके हसले.

"आमचीच लेक आहे ती," सापार आके म्हणाले. "तिचा मान आम्ही नाही करायचा तर कोणी?" त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. मग कुमीस, घोडीचं आंबवलेलं दूध, ओतता ओतता सहज बोलल्यासारखं बोलले, "पोराला गाडी घेऊन देतोय. राजधानीला, बिश्केकला, माणसं नेईल-आणेल. हिवाळ्याच्या आत सगळं फिटतं बघा. कागद काय, आज आहे, उद्या नाही. मेंढीला कुठे कळतंय?"

"बरं, तू गावची," मेदेर बायकेंनी बोटं चाटत तिला विचारलं. "हा सगळा कळप यांचाच ना? खरं सांग हं, या महिन्याचा कर्जांचा आकडा मला पुरा करायचाय. खोटं सांगितलंस तर दोघांचीही पंचाईत."

नाही म्हणावं तर मेदेर बायकेंचं कर्ज गेलं, आणि त्याबरोबर त्यांचा शब्द, तिची जागा, आईचं येणं. शिवाय तोंडात यांच्याच घरचा घास. हो म्हणावं तर नुसता कागद. फिटणारा कागद. बेगायमने हाडाकडे बघत म्हटलं, "हो, यांचाच."

सापार आकेंच्या बायकोने तिच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात तिला सबंध रस्ताभर जाणवत राहिला.

वडिलांना तिने काही सांगितलं नाही. सांगायचं राहिलं नव्हतं, तिला धीर झाला नव्हता.

पुढच्या महिन्यात मेदेर बायके एक खोकं घेऊन आले. आत पिवळे प्लास्टिकचे बिल्ले होते, प्रत्येकावर बँकेची खूण आणि आकडा. "वरून हुकूम आलाय," ते म्हणाले. "गेल्या वर्षी कोणीतरी एकच कळप दोन बँकांना दाखवला म्हणे. आता तारणातल्या प्रत्येक जनावराच्या कानात हा ठोकायचा. मला मेंढ्यांच्या लाथा खायला लावू नकोस, तुला जमेल हे."

जमलं. तेच तर वाईट. ती गुडघ्याने मेंढी दाबून धरी, पकडीत कान घेई आणि दाबे. सापार आके एकेक जनावर पुढे ढकलत होते आणि डोंगराकडे बघत होते. टोक छाटलेला पहिला कान हातात आला तेव्हा तिने मान वर केली.

"आके, ही आमची."

"माहीत आहे मला," ते हळूच म्हणाले. "आता बोललीस तर मी तुरुंगात, आणि तूही सुटत नाहीस. 'हो, यांचाच' कोण म्हणालं?"

"काय झालं?" पलीकडून मेदेर बायके ओरडले.

"काही नाही. पकड अडकली होती."

तिने पकड दाबली. मेंढीने मान झटकली, रक्ताचे दोन थेंब पांढऱ्या सदऱ्यावर पडले. मेदेर बायके म्हणाले, "वा! हात आहे तुझा. शाखेच्या एजेंना, आपल्या मोठ्या बाईंना, सांगतो मी."

ऑगस्ट संपता संपता बेगायम स्वतःच शाखेच्या प्रमुख राखात एजेंसमोर जाऊन उभी राहिली आणि तिने जागेचं विचारलं. एजेंनी चष्मा काढला.

"जागा? कुठली जागा? ती तर वसंतातच रद्द झाली. कोणी सांगितलं तुला?"

मेदेर बायके दारातच होते. "मला वाटलं होतं, होईल काहीतरी," ते म्हणाले आणि फोन कानाला लावून निघून गेले. तो वाजला नव्हता. बेगायमला एक सुबकसं प्रशस्तिपत्र मिळालं. कष्टाळू, आज्ञाधारक, असं त्यात लिहिलं होतं, आणि दुर्दैवाने ते खरं होतं.

सप्टेंबरात कळप खाली आला. सापार आकेंच्या पोराच्या गाडीचं इंजिन आधीच बसलं होतं, कर्जाचे हप्ते थकले होते. गावकरी कान बघून आपापल्या मेंढ्या वेगळ्या काढायला जमले, आणि प्रत्येक कानात त्यांना बँकेचा पिवळा बिल्ला दिसला. मग आरडाओरडा झाला, रडारड झाली, सापार आकेंची टोपी कोणीतरी धुळीत उडवली. ते उभेच राहिले. बेगायमचं नाव मात्र त्यांनी घेतलं नाही.

तोक्तोबेकनी आपल्या मेंढ्या तरीही बाजारात नेल्या. व्यापारी पाठ चाचपत, खूश होत, मग कान बघत आणि पुढच्या माणसाकडे जात. घरी आल्यावर तोक्तोबेकनी सुरी काढली आणि एका मेंढीचा कान धरला.

"बाबा, तो काढला तर गुन्हा होतो."

"तुला काय माहीत?"

"मी लावलाय तो."

तोक्तोबेकनी मेंढीचा कान सोडला. तिला वाटलं, मारावं यांनी. त्यांनी सुरी मिटून खिशात टाकली आणि मेंढीला पाणी दाखवायला नेलं.

तेवढ्यात फोन वाजला. अनारकान पडद्यावर हसत होती. मागे भिंतीला टेकून बांधलेली पिशवी दिसत होती. "दाखव गं मेंढ्या! पाठी भरल्या का? बाजार कसा झाला?" बेगायमने फोन कुंपणाकडे वळवला.

"अगं बाई, डूल काय घातलेत त्यांच्या कानात? पिवळे-पिवळे! नवऱ्या दिसतात अगदी."

"बँकेचे आहेत, आई."

अनारकानचं हसू हळूहळू उतरलं. मेंढ्यांत वाढलेली बाई ती, तिला फोड करून सांगावं लागलं नाही. "सगळ्यांच्या?" तिने विचारलं.

"सगळ्यांच्या."

"आणि तुझी जागा?"

बेगायमने नाही म्हणून मान हलवली. फोन मेंढ्यांकडे होता, आईला ते दिसलं नाही. पण उत्तर आलं नाही म्हणजे काय, हेही अनारकानला कळलं. पलीकडे खोलीतल्या बायका कशावरून तरी हसत होत्या. एकीने पिशवी वाटेतून सरकवायला सांगितलं.

"बरं," अनारकान म्हणाली. "रडू नकोस. मग मी बूट इथेच घेते."