तारेवरचं एक खरं वाक्य

भगत सर गेल्याचं बाबांनी फोनवर सांगितलं.

मारेगावच्या शाळेत सर आम्हाला इंग्रजी शिकवायचे. नवा शब्द आला की जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर तो लिहायचा, खाली आपल्या घरातलं एक खरं वाक्य लिहायचं आणि वर्गातल्या तारेवर टांगायचं, अशी त्यांची रीत. पुस्तकातलं वाक्य चालायचं नाही. सातवीत 'फॉर्मर्ली' आला. सर म्हणाले, पूर्वी होतं आणि आता नाही, त्याला हा शब्द. पण कालपरवाच्या किरकोळ गोष्टीला लावू नका, बराच काळ टिकलेलं बदललं तरच तो शोभतो. कापसाची ती पडती वर्षं होती. आवक घटली तसं जिनिंग कारखान्यानं काट्यावर कापूस तोलणाऱ्या बाबांना कमी केलं होतं. बाबा मात्र रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडत आणि आम्ही घरातलेही ते बाहेर कुणाला सांगत नसू. मी अतिशहाणी! 'माझे वडील पूर्वी जिनिंगच्या काट्यावर होते,' असं इंग्रजीत लिहून मोकळी झाले. संध्याकाळपर्यंत ते आळीभर झालं.

दुसऱ्या दिवशी बाबा मला घेऊन शाळेत आले. "पोरीनं चारचौघात माही इज्जत काढली सर. फाडा ते," एवढंच म्हणाले. सरांनी कार्ड काढून खिशात ठेवलं, फाडतो म्हणाले. मग हळूच म्हणाले, "भाऊ, जो काही होता, त्यालेच हा शब्द लागते. शाळेचा तांदूळ येते, पण पोत्यात किती येऊन राह्यला ते आमाले समजत नाही. तुम्ही तोलून द्याल काय?"

पहिल्या दिवशी बाबांनी आधी रिकामा काटा तपासला, मगच पोत्याला हात लावला. पुढे दर महिन्याला ते जात राहिले, ताठ मानेनं. मला मात्र ते वाक्य वर्षानुवर्षं टोचत राहिलं. बाबांची माफी मागायचं धाडस कधी झालं नाही.

तीन आठवड्यांनी आम्ही दोघं सरांच्या घरी गेलो. काकूंनी त्यांची खोली दाखवली. तिथंही भिंतीवर तार होती आणि तिच्यावर एकच कार्ड... माझं. खाली सरांच्या अक्षरात आणखी एक इंग्रजी वाक्य होतं. मी बाबांना अर्थ सांगितला: आता ते आमच्या शाळेचा तांदूळ तोलतात. मी कार्ड काढायला हात उचलला, तर बाबांनी तो धरला.

"राहू दे. खरंच तं लिहलं होतं तू."

मग काट्याकडे बघायचे तसे ते दोन पावलं मागे सरून बघत राहिले आणि पुढे होऊन त्यांनी तिरपं झालेलं कार्ड बोटानं सरळ केलं.