परीक्षेच्या खोलीत हात वर केलेला माणूस

नवरा म्हणाला, "लिहू नकोस, लोक हसतील." हसू देत की! असले अनुभव वाचून आजवर मी कमी हसले का? आता माझ्यावर हसायची पाळी लोकांची, एवढंच.

मी वैशाली. चाकणच्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये सर्जिकल वॉर्डला सिस्टर आहे. आजूबाजूला सगळ्या कंपन्या, त्यामुळे आमच्याकडे येणारे पेशंटही तसेच... कुणाचा हात प्रेस मशीनमध्ये, कुणाचं बोट कन्व्हेयरमध्ये, कुणी हायवेवर ट्रेलरखाली आलेला. शवागाराच्या शेजारच्या खोलीत बसून मी डबा खाल्लाय, आणि पोटभर खाल्लाय. वाढले पिंपरीत, वडील कंपनीत कामगार, घरात बुद्धवंदना चुकली नाही आणि अंगारा-धुपारा उंबऱ्याच्या आत आला नाही. लिंबू आमच्याकडे फक्त सरबतासाठी यायचं. भुताखेताची गोष्ट कुणी सुरू केली की माझे पप्पा म्हणायचे, "त्याला सांग, फर्स्ट शिफ्टला ये, थर्डला माणसं दमलेली असतात." अशा घरातली मी. तेव्हा हे सगळं मी हौसेनं लिहीत नाहीये.

झालं असं की मी नोकरी करता करता ऑनलाइन डिग्रीला ॲडमिशन घेतलं होतं, हेल्थकेअर मॅनेजमेंटच्या. हॉस्पिटल धंदा म्हणून कसं चालवायचं ते त्यात शिकवतात. आमचे मॅनेजर सर म्हणाले होते, "सिस्टर, डिग्री आणा, ऑपरेशन्स मॅनेजरची जागा निघतेय, तुमच्याएवढा वॉर्ड कुणाला माहितीये?" ती जागा म्हणजे जनरल शिफ्ट. रविवारी सुट्टी. नाइट नाही! माझी आर्या तेव्हा पहिलीत होती आणि रोज शाळेत जाताना विचारायची, "मम्मी, आज तू कुठल्या शिफ्टची आहेस?" पोरीनं आईला असं विचारावं! म्हणून भाकरी थापता थापता लेक्चरं ऐकली, मोशीच्या सिग्नलला रिक्षात बसून नोट्स वाचल्या. शेवटचा पेपर राहिला होता. तो सुटला की डिग्री, डिग्री आली की जागा.

आता परीक्षेचं सांगते, कारण सगळी गंमत तिथेच आहे. गंमत कसली म्हणा... पेपर घरी बसूनच द्यायचा, पण लॅपटॉपचा कॅमेरा सुरू ठेवून. पलीकडे एक माणूस आपल्यावर नजर ठेवून असतो. खोलीत दुसरं कुणी चालत नाही, मोबाईल चालत नाही, खुर्चीवरून उठलात तर पेपर बंद. सुरुवातीला लॅपटॉप फिरवून अख्खी खोली दाखवावी लागते, अगदी दाराची मागची बाजूसुद्धा. आधीच्या सेमिस्टरला माझ्या मागच्या भिंतीवर बुद्धांचा फोटो होता, तर सिस्टीम ओरडायला लागली की खोलीत दुसरी व्यक्ती आहे! आम्ही किती दिवस त्यावर हसत होतो. सचिन — माझा नवरा — म्हणाला, "बघ, तुला कॉपी पुरवायला साक्षात बुद्ध बसलेत."

म्हणून या वेळी मी डोकं लावलं. पेपरच्या सकाळी भिंतीवरचे सगळे फोटो उतरवले. बुद्धांचा, लग्नातला, आर्याच्या वाढदिवसाचा, सगळे दिवाणात ठेवून दिले. भिंतीवर नुसते खिळे उरले. आरशावर चादर टाकली. दारामागचे कपडे काढले. सचिन त्याआधीच आर्याला घेऊन पिंपरीला माझ्या आईकडे गेला होता. मोशीतला आमचा टू बीएचके, तिसरा मजला, भर दुपार, बाहेरच्या दाराला आतून कडी. मोबाईल किचनमध्ये. खोलीत मी एकटी. हे मी मुद्दाम बारकाईनं सांगतेय, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की टॉवेल असेल, सावली असेल.

आदल्या दिवशी मी ड्युटीवर होते. वॉर्डात बबनमामा होते, बीडकडचे, वय झालेलं, इथे एका वर्कशॉपमध्ये प्रेसवर काम करायचे. उजवं मनगट चेचलं होतं. डॉक्टरांनी तुटलेल्या रक्तवाहिन्या जोडून हात वाचवला होता. अशा पेशंटचा हात सलाइनच्या स्टँडला झोळीत बांधून उंच ठेवावा लागतो, नाहीतर सूज येते. मामांना ते जमेना. जरा डुलकी लागली की हात झोळीतून ओढून पोटावर घ्यायचे. दिवसभर माझं एकच पालुपद... "मामा, हात वर! शाळेत बाईंना उत्तर द्यायचंय असा!"

"देतो की बाई उत्तर, पर सवाल काय हाय ते तरी सांगा," मामा हसून म्हणायचे. सगळ्या वॉर्डाचे लाडके होते.

निघताना मी त्यांना म्हटलं, "मामा, रात्री-दिवसा काहीही वाटलं, दुखलं, ओलं लागलं, तर मलाच हाक मारायची. अंगावर काढायचं नाही." हे मी सगळ्याच पेशंटना म्हणते. सवयच आहे, धीर येतो माणसाला. दुसऱ्या दिवशी मी सुट्टीवर आहे हे मात्र डोक्यातच आलं नाही. डोक्यात सगळा पेपर.

तर दुपारी पेपर सुरू झाला. लॅपटॉपमधून एका तरुण पोराचा आवाज आला, हिंदीत. नाव-गाव विचारलं, खोली बघितली, "ऑल द बेस्ट मॅम" म्हणाला. पेपर सोपा होता हो! बेड लवकर रिकामे कसे करायचे, एका पेशंटचा मुक्काम कमी कसा करायचा... मी भराभर टाइप करत होते. अर्धा पेपर झाला असेल नसेल, आणि तो पोरगा म्हणाला,

"मॅम, आपके पीछे कौन है?"

मी मान वळवली. भिंत. खिळे. "कोई नहीं," मी म्हटलं आणि पुन्हा लिहायला लागले.

"मॅम, एक अंकल खडे हैं. प्लीज उनको बाहर भेजिए, नहीं तो मुझे पेपर रोकना पडेगा."

माझं डोकंच सणकलं. एवढी जय्यत तयारी केली आणि परत तेच! मी लॅपटॉप उचलून गरागरा फिरवला. "देखो भैया! ये दीवार, ये दरवाजा, ये पलंग. कहाँ है अंकल?"

तो हळूच म्हणाला, "अब दरवाजे के पास जाके खडे हो गए."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पण राग त्याहून मोठा होता. "मजाक मत करो, मेरा लास्ट पेपर है!"

"मजाक नहीं कर रहा, मॅम." त्याचाच आवाज कापत होता, ते मला अजून ऐकू येतं. "हाथ ऊपर करके खडे हैं. जैसे क्लास में बच्चे करते हैं ना, वैसे. हाथ पे पट्टी है... मॅम, पट्टी पूरी लाल है."

मी दाराकडे बघितलं. दार बंद. कडी लावलेली. तिथे कुणीही नव्हतं. आणि तरी माझ्या तोंडून आपोआप निघालं... "मामा?"

खोटं कशाला बोलू, मी लगेच उठले नाही. खुर्ची सोडली की पेपर गेला, जागा गेली, हे मला पक्कं माहीत होतं. आर्या डोळ्यापुढे आली. मनात म्हटलं, वैशाली, शुद्धीवर आहेस ना? मामा चाकणला आहेत, वॉर्डात शीतल सिस्टर आहे, तू लिही. मी कीबोर्डवर बोटंही ठेवली. पण ती पट्टी लाल आहे हे वाक्य ऐकून कुठली सिस्टर बसून राहील हो? मी उठले. मागून "मॅम, सीट मत छोडिए" ऐकू येत होतं. कडी काढून किचनमध्ये पळाले, वॉर्डात फोन लावला.

शीतल माझी मैत्रीण, पण तोंडाची फटकळ. "अगं बये, तुझा पेपर आहे ना आत्ता?"

"बबनमामा बघ. आत्ता!"

"मस्त झोपलेत गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन. मघाशीच बघून आले. तू..."

"पांघरूण काढ, शीतल! आधी पांघरूण काढ, मग मला काय शिव्या द्यायच्या त्या दे!"

तिच्या चपलांचा आवाज आला. आणि मग ती जी किंचाळली... मी तिच्याबरोबर इतकी वर्षं काम केलंय, तिला असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. "दाब धरा, दाब! डॉक्टरांना बोलवा! ऑपरेशन थिएटरला सांगा!" फोन तसाच पलंगावर पडला असावा. धावपळ, ट्रॉलीची चाकं, सगळं मला ऐकू येत होतं आणि मी किचनच्या ओट्याला धरून उभी.

हात झोळीतून सुटून पांघरुणाखाली आला होता आणि जोडलेली रक्तवाहिनी सुटली होती. सगळं रक्त गादीत मुरत होतं. वरून बघणाऱ्याला म्हातारा माणूस शांत झोपलेला दिसत होता. डॉक्टर नंतर शीतलला म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर आपण त्यांना झोपलेलेच समजत राहिलो असतो.

मी खोलीत परत आले तेव्हा स्क्रीनवर लिहिलं होतं की परीक्षा समाप्त झाली आहे. तो पोरगाही गेला होता. मी स्कूटी काढली आणि हायवेच्या त्या भयंकर ट्रॅफिकमधून रडत रडत चाकणला गेले. मामांसाठी रडत होते की पेपरसाठी... दोन्हीसाठी.

मामा वाचले. हातही वाचला. दोन दिवसांनी ते नीट बोलायला लागले तेव्हा मी त्यांच्याजवळ गेले. शीतल बाजूलाच होती. मी मुद्दाम काहीच विचारलं नाही, फक्त दटावलं, "काय मामा, एवढं ओलं लागत होतं तर हाक नाही मारायची कुणाला?"

"मारली की," मामा म्हणाले. "तुमालाच मारली. तुमीच म्हनला व्हता ना, मलाच हाक मारा म्हनून. पर तुमी त्या कंप्युटरात मुंडकं घालून बसलेल्या. वळून बगितलं तरी वळख न्हाई दिली. आन् ते पोरगं आतून सारखं म्हनत व्हतं, भाईर जा, भाईर जा. मग म्या दारापाशी जाऊन हुबा ऱ्हायलो. हात मातर खाली घेतला न्हाई हां, तुमी वरडला असता."

शीतलनं मला स्टूल दिलं. सावरून हसत ती म्हणाली, "औषधांची गुंगी, मामा. स्वप्न पडलं तुम्हाला."

"आसंल बाबा," मामा म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पर सिस्टर, घर मोठं झ्याक हाय तुमचं. भितीवर येक बी फोटू न्हाई, नुसते खिळे. आसं का वो?"

मामा माझ्या घरी कधी आले नव्हते. फोटो मी त्याच सकाळी काढले होते, हे तेव्हा सचिनलासुद्धा माहीत नव्हतं, तो आधीच बाहेर पडला होता. मामांशी बोलले त्या संध्याकाळी घरी आल्यावर पहिलं काम केलं ते फोटो परत लावायचं, का ते विचारू नका, पण त्या खिळ्यांकडे बघवेना. सचिन सगळं ऐकून म्हणतो, "कॅमेऱ्याचा घोटाळा आणि योगायोग." बरं, आणि खिळे? खिळ्यांवर आला की तो चहा मागतो.

कॉलेजला मी मेलवर मेल केले. शेवटी त्यांनी कळवलं की रेकॉर्डिंग तपासलं, त्यात तुमच्याशिवाय कुणीही दिसत नाही, तांत्रिक अडचण समजून पुन्हा पेपर द्यायला परवानगी आहे. त्या पोराशी बोलायचंय म्हटलं, तर म्हणे आता तो आमच्याकडे काम करत नाही. तोवर ऑपरेशन्सची जागा दुसऱ्याला गेली होती. राग आला मला, खूप आला. आर्या अजूनही शिफ्ट विचारते. पण मामा सुट्टी होऊन निघाले तेव्हा त्यांनी तोच हात वर करून मला टाटा केला, आणि मी वॉर्डात सगळ्यांसमोर हमसून हमसून रडले.

"मलाच हाक मारा" हे वाक्य मी आता कुठल्याच पेशंटला म्हणत नाही. "कुणालाही हाक मारा," असं म्हणते.

पेपर मी नंतर पुन्हा दिला, पासही झाले. तशीच भर दुपार, तीच खोली, फोटो पुन्हा दिवाणात. या वेळी पलीकडे एक मुलगी होती. तिनं सगळं बघून घेतलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "मॅम, रूम में आपके अलावा और कोई है?"

साधा प्रश्न. हो किंवा नाही म्हणायचं. मी मागे वळले, दाराकडे बघितलं. शेवटी मीच तिला विचारलं, "तुम्हें कोई दिख रहा है क्या?"